विडी न ओढणाऱ्याचा राजीनामा

एकोणीस वर्षं झाशीत काढल्यावर आपलं हिंदी उत्तम आहे असा माझा समज होता, आणि तो मी चारचौघींना मान्य करायला लावत असे. आमच्या रेल्वे कॉलनीत महाराष्ट्रातून बदली होऊन नवी मराठी कुटुंबं येतात. त्यांतल्या बायकांची हिंदीची पहिली शिकवणी माझ्याकडे. कमळा नावाची एक नवी आलेली बाई होती. शेजारीण तिला कौतुकानं म्हणाली, "हमारे बेटे को दिल्ली में ऊँची शिक्षा मिली है," तर ही कळवळून म्हणते, "अरेरे, वकील नहीं किया क्या?" हा किस्सा मी वर्षानुवर्षं सांगितला आणि दर वेळी सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. हल्ली सांगत नाही. का सांगत नाही, तेच सांगायला बसले आहे.

मी अलकनंदा. माहेर साताऱ्याचं. नवरा सुजय रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे आणि मुलगी शर्वरी बारावीला. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून निघतं ते हिंदी. मी स्वतः तीन वर्षांपासून एका खासगी संस्थेच्या आरोग्य सर्वेक्षणात कंत्राटावर काम करते. देशातल्या निरनिराळ्या जिल्ह्यांत लोक कशानं आजारी पडतात आणि त्या आजारपणानं त्यांचं किती काम बुडतं, पदरचं किती जातं, याची तुलना करायची असं ते काम आहे. घरोघर जायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरं टॅबवर भरायची. जुन्या शहराच्या गल्ल्यांत नेटवर्कचा पत्ता नसतो, म्हणून मी आधी सुजयला ऑफिसातून मिळणाऱ्या रेल्वेच्या डायरीत मराठीत लिहून घेते आणि घरी येऊन टॅबवर चढवते. वरिष्ठांना ही डायरी आवडत नाही, पण मला आवडते.

प्रशिक्षण पुण्यात झालं होतं. तिथं फॉर्म कसा भरायचा हे शिकवायला एक नमुन्याचा माणूस घेतला होता. वय पंचेचाळीस, बैठं काम, वजन जास्त, सिगारेट सोडता येत नाही, पंधरा दिवसांतून एकदा पाठदुखीची रजा. आजाराच्या कारणाचा एक रकाना होता आणि त्यात एक ठरावीक यादी. तंबाखू किंवा धूम्रपान, दारू, अयोग्य आहार, व्यायामाचा अभाव, आनुवंशिक, संसर्ग, आणि सगळ्यांत शेवटी 'इतर'. त्या यादीप्रमाणे माणूस आजारी पडतो तो बहुतेक स्वतःच्याच सवयींमुळे. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वर्गात एसी होता आणि जेवण चांगलं होतं.

झाशीत मात्र तो नमुन्याचा माणूस मला फक्त आमच्या रेल्वे कॉलनीत भेटला. आमच्याकडे साखर आहे, ब्लडप्रेशर आहे, जिना चढताना कुरकुर आहे. लक्ष्मी ताल नावाच्या तळ्यापलीकडच्या एका वस्तीत गेले तर घराघरात पोटाची दुखणी, कारण नळाला येणारं पाणी बघूनच समजावं असं. मे महिन्यात हातगाडीवाले उन्हानं पडत होते, आणि पडले की आठवडाभर गाडी दाराशी उभी. आणि शहराबाहेर, जिथं डोंगर फोडून खडी करतात त्या क्रेशरच्या पट्ट्यात, पस्तिशीचे पुरुष खाटेवर बसून श्वास मोजत होते. चार-पाच कोसांत आजाराचं कारण बदलत होतं. रकान्यातली यादी तेवढी बदलत नव्हती. मग मी 'इतर' दाबायचे आणि पुढं लिहायचे : दगडाची धूळ.

त्यातलं पहिलं नाव देवेंद्रचं. तो दतिया गेटजवळ भाड्याच्या एका खोलीत राहतो. त्याची बायको कल्याणी बडा बाज़ारात एका साडीच्या दुकानाच्या पायरीवर मशीन घेऊन बसते आणि साड्यांना फॉल लावते. माझ्या साड्या तिच्याकडेच असतात, म्हणून ओळख. एप्रिलमध्ये त्यांचं घर माझ्या यादीत निघालं. चौतीस वर्षांचा माणूस, पण दोन वाक्यांच्या मध्ये थांबायचा आणि आपण थांबलो याची लाज वाटून हसायचा. बारा वर्षं त्यानं क्रेशरवर दगड भरला होता. खोकला लागला तेव्हा टीबी म्हणून औषध दिलं, मग परत दिलं. उतार नाही. शेवटी मोठ्या इस्पितळातल्या एका डॉक्टरनं छातीचा फोटो बघून विचारलं की तू काम काय करतोस? दोन वर्षांत हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. धूळ फुप्फुसात बसली आहे आणि ती आता निघणार नाही, असं डॉक्टरनं सांगितलं.

मी फॉर्मप्रमाणे विचारलं, "बीड़ी?"

त्यानं सदऱ्याची कॉलर खाली ओढून गळ्यातली तुळशीची कंठी दाखवली. "हम कंठी वाले हैं, दीदी। बीड़ी तो कभऊं छुई नईं।"

"पिछले महीने काम के कितने दिन गए?"

"सबरे।"

सबरे म्हणजे बुंदेलीत सगळे. टॅब तीसच्या वर आकडा घेत नाही. मी तसं सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "सो महीना में इत्तेई तो होत हैं।" क्रेशरवाल्यांनी गेल्याच वर्षी त्याला काढून टाकलं होतं, तेही मी लिहिलं. डायरीत त्या दिवशीची नोंद आहे. 'विडी : कधीच नाही. काम : वर्षापूर्वी सुटलं. कारण : दगडाची धूळ.' अक्षर माझंच आहे. हे पुढं लक्षात राहू द्या, कारण माझ्या लक्षात राहिलं नाही.

पावसाळ्यानंतर कल्याणीनं कुणाच्या तरी सांगण्यावरून कामगार कार्यालयात भरपाईचा अर्ज केला. मला कौतुक वाटलं. मालकाचा मुनशी घरी येऊन गोड बोलून गेला, हेही तिनं मला सांगितलं होतं.

दिवाळीच्या आधी मी साड्या आणायला बडा बाज़ारात गेले. गर्दी अशी की पायरीवर उभं राहायला जागा नाही, मागून एक स्कूटरवाला हॉर्न देतोय, दुकानदार गिऱ्हाइकावर ओरडतोय. कल्याणीनं मशीन थांबवलं आणि दोरा दातांनी तोडत मला विचारलं, "काय दीदी, एक बात पूछनी ती। मालिक राजीनामा माँग रए हैं। मुंशी कागज लैकें आओ तो। दै दें?"

मी म्हटलं, "दे दो।"

"सोच कें बताओ, दीदी।"

"इसमें सोचना क्या है, कल्याणी? जान बड़ी कि क्रेशर? आज ही दे दो, पीछा छूटेगा।"

तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. तिनं माझ्या पिशवीत साड्या नीट रचल्या आणि फॉलचे पैसे घेईना. मी ते बळंच तिच्या डब्यात टाकले. शिकलेल्या माणसाचा सल्ला मिळाला की असं हलकं वाटतंच, असं मनाशी म्हणत मी गल्लीतून बाहेर पडले. स्वतःवर फार खूश होते मी.

घरी आल्यावर शर्वरीला म्हटलं, "आज एक चांगलं काम केलं बघ. देवेंद्रला राजीनामा द्यायला लावला."

ती पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "किसके साथ?"

"कुणाबरोबर काय? मालकाला."

"आई, राजीनामा मतलब समझौता। केस में होता है न, दोनों पार्टी मान जाती हैं। तू इस्तीफ़ा बोल रही है क्या?" ती हसायला लागली. "अख़बार में रोज़ तो आता है, दोनों पक्षों में राजीनामा हो गया।" मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि ती हसायची थांबली.

ते वाक्य पेपरात मी शेकडो वेळा वाचलं होतं. वाचताना कधीही मला असं वाटलं नव्हतं की दोन्ही पक्षांनी नोकरी सोडली. वाचताना अर्थ बरोबर कळत होता. पण बाजाराच्या गोंगाटात तो शब्द कानावर पडला आणि तो थेट साताऱ्याला जाऊन पोचला. राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. वडिलांनी साखर कारखान्याच्या चेअरमनच्या टेबलावर आपटला होता तो. एकोणीस वर्षं, चारचौघींची शिकवणी, कमळाचा किस्सा, सगळं माझ्या तोंडावर आलं. मी पाणीसुद्धा न पिता रिक्षा केली आणि दतिया गेट गाठलं.

सही झाली होती. मुनशी तासाभरापूर्वीच येऊन गेला होता. एक प्रत त्यानं त्यांच्याकडे ठेवली होती. मी ती उभ्यानंच वाचली. देवेंद्रच्या तोंडी लिहिलं होतं : माझी बीमारी बीड़ीच्या जुन्या सवयीमुळे आहे, क्रेशरच्या कामाशी तिचा संबंध नाही, मालकांनी दयाबुद्धीनं एकरकमी मदत दिली आहे आणि यापुढे मी कोणताही दावा करणार नाही. मदतीची रक्कम एवढीशी होती, की त्यात त्याची वर्षाची औषधंही निघाली नसती. खाली देवेंद्रची सही होती, सावकाश काढलेली, एकेक अक्षर सुटं.

"यह पढ़ा था?" मी विचारलं.

"मुंशी बोले, कागज ऐसेई बनत है," देवेंद्र म्हणाला. "और आपने कई ती कि दै दो। सो दै दओ।"

मी सांगितलं. लपवून काय उपयोग होता? माझ्या मराठीत या शब्दाचा अर्थ नोकरी सोडणं असा होतो, मी तेवढंच ऐकलं, पुढचं विचारलं नाही, चूक माझी आहे.  कल्याणी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिला एवढंच कळेना की मी असं ऐकलंच कसं. "पर नौकरी तो बे साल भर पैलें छुड़ा चुके, दीदी। आपई ने तो लिखी ती।"

हो, मीच लिहिलं होतं. जी नोकरी उरलीच नव्हती तिचा राजीनामा मी त्या माणसाला द्यायला लावला होता. मला स्वतःची इतकी चीड आली की खोलीत उभं राहवेना. पण ती चीड घेऊन घरी जाऊन रडण्यात अर्थ नव्हता. मी खाली बसले आणि तो कागद परत वाचला. या वेळी शब्द न शब्द, बोट ठेवून.

दुसऱ्या दिवशी कामगार कार्यालयात चौकशी केली. तिथल्या कारकुनानं नीट सांगितलं. असा राजीनामा घरात बसून सही केला म्हणून पक्का होत नाही. अधिकाऱ्यासमोर दोघांना यावं लागतं, अधिकारी कामगाराला विचारतात आणि मगच तो नोंदवून घेतात. कामगाराला मजकूर कळला नव्हता असं दिसलं तर नाकारूही शकतात. पुढच्या गुरुवारी तारीख होती. म्हणजे माझ्याकडे सहा दिवस होते.

त्याच सहा दिवसांत ऋतुराजचा फोन आला. ऋतुराज आमचा पुण्याचा सुपरवायझर. वय तिशीच्या आत, बोलणं मऊ, चूक काढतानाही आधी तब्येत विचारणार. "अलकनंदाताई, तुमच्या ब्लॉकमध्ये त्रेचाळीस 'इतर' आहेत. सिस्टिम लाल दाखवते. त्यांतले श्वासाचे सगळे तंबाखूत टाकून द्या ना."

"त्यांतले कितीतरी जण तंबाखूला शिवतही नाहीत."

"अहो ताई, मजूर वर्ग आहे. थोडीफार सगळेच खातात."

"मी त्यांना विचारलंय, ऋतुराज. तुम्ही नाही विचारलंत."

"तसं नाही हो. पण दगडाची धूळ हा कोडच नाहीये. पुणे, सुरत, झाशी, सगळीकडे एकच कोड असले तरच तुलना होते."

"फरक बघायचा म्हणून तुलना करायची ना? सगळ्या जिल्ह्यांत तंबाखूच निघायला हवी असेल तर मला उन्हातान्हात घरोघर कशाला हिंडवता? तिथं बसूनच भरा की."

तो हसला. तिथं बसून भरायचं तर तुमच्या पगाराची गरज नव्हती, असं त्याला म्हणायचं असावं, पण तो भला मुलगा आहे. मग मी त्याला गुरुवारचं सांगितलं. देवेंद्रनं मला सोबत यायला सांगितलं आहे आणि त्याच्या घरची डायरीतली नोंद मी दाखवणार आहे. त्याचा आवाज बदलला. माहिती गोपनीय असते, संस्था अशा भानगडीत पडत नाही, करारात तसं कलम आहे. मी म्हटलं, गोपनीयता देवेंद्रसाठी आहे, मालकासाठी नाही. देवेंद्रचं उत्तर देवेंद्रचं आहे आणि तोच ते मागतोय. "ताई, विचार करा," तो म्हणाला. "त्या नोंदी गुरुवार संध्याकाळपर्यंत दुरुस्त झाल्या पाहिजेत. आणि तिथं गेलात तर मला तुमच्यासाठी काही करता येणार नाही."

फोन ठेवल्यावर मला सगळ्यांत जास्त राग कशाचा आला तर याचा, की मुनशी आणि ऋतुराज एकमेकांना ओळखतही नव्हते. एक इथला, एक तिथला. एकाला पैसे वाचवायचे होते, दुसऱ्याला लाल रंग घालवायचा होता. पण दोघांनाही देवेंद्रच्या तोंडात विडी हवी होती.

सुजयनं सगळं ऐकलं आणि एवढंच म्हटलं, "नोकरी गेली तर गेली. पण वकिलासमोर हिंदी सांभाळून बोल." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो डबा घेऊन लवकर कामावर गेला.

गुरुवारी अकरा वाजता आम्ही कार्यालयात होतो. अधिकारी एक पन्नाशीच्या बाई होत्या, चष्मा नाकावर खाली घसरलेला, समोर फायलींचा ढीग. मालक आला नव्हता. त्याचा मुनशी पांढऱ्याशुभ्र सफारीत आला होता आणि सोबत वकील. देवेंद्रला जिना चढून यायला वेळ लागला, तर वकिलानं घड्याळ बघितलं.

बाईंनी कागद वाचला आणि विचारलं, "देवेंद्र जी, यह राजीनामा आपने अपनी मर्ज़ी से किया?"

देवेंद्र खोटं बोलत नाही. त्या कंठीचा तोच नियम. "जी। मर्जी से करो।"

"समझ कर किया?"

"हमें तो दीदी ने कई ती कि कर दो।"

"कौन दीदी?"

मी उभी राहिले.  "मैं, मैडम। इन्होंने मुझसे पूछा था कि राजीनामा दे दें क्या। मेरी मातृभाषा मराठी है। मराठी में राजीनामा माने इस्तीफ़ा। मैंने समझा नौकरी छोड़ने की बात है, तो कह दिया दे दो। काग़ज़ मैंने देखा ही नहीं था। इन्होंने मेरे भरोसे दस्तख़त किए, और मैंने ग़लत समझकर कराए।"

वकील मोठ्यानं हसला. "मैडम, ये बहनजी उन्नीस साल से झाँसी में रह रही हैं, मुंशी जी ने बताया। और राजीनामा नहीं जानतीं?"

मुनशीही हसला. दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा हसला. कमळाचा किस्सा सांगताना मी जशी हसायचे, अगदी तस्सं. माझे कान तापले. मला वाटलं खाली बसावं. मग माझ्या शेजारी देवेंद्रच्या छातीतून येणारी श्वासाची बारीक शिट्टी मला ऐकू आली, आणि माझ्या लाजेची किंमत किती आहे ते मला नीट कळलं.

"नहीं जानती," मी म्हटलं. "लिख लीजिए, मैडम। मेरा नाम, उम्र, पता, सब के साथ लिखिए कि अलकनंदा को उन्नीस साल में राजीनामे का मतलब नहीं आया। मैं नीचे दस्तख़त करूँगी। लेकिन फिर यह भी लिखिए कि इस काग़ज़ में जो बीड़ी है, वह इस आदमी ने कभी नहीं पी। मैं एक शब्द का मतलब नहीं जानती थी। यह काग़ज़ तो पूरे आदमी को नहीं जानता।"

कुणी हसलं नाही. बाईंनी हात पुढं केला. मी डायरी दिली, एप्रिलचं पान उघडून. देवनागरी असली तरी मजकूर मराठी. त्यांनी बोट ठेवून वाचलं, "वि-डी?"

"बीड़ी, मैडम।"

"कधीच नाही?"

"कभी नहीं। एक बार भी नहीं।"

"सुटलं?"

"छूट गया। काम छूट गया, एक साल पहले।"

असा एकेक शब्द मी त्यांना हिंदीत दिला. प्रत्येक शब्द तोंडाबाहेर काढण्याआधी दोनदा तपासला. आयुष्यात इतकं जपून मी कधी बोलले नव्हते. वकील म्हणाला की घरगुती डायरी हा काही पुरावा नाही. बाई म्हणाल्या की त्याबद्दल त्या नंतर बघतील, आणि मुनशीकडे वळल्या. "आपके यहाँ इन्होंने बारह साल काम किया। आपने इन्हें बीड़ी पीते देखा?"

"सब पीते हैं, मैडम।"

"मैंने सबका नहीं पूछा।"

मुनशीनं देवेंद्रकडे बघितलं. देवेंद्र नेहमीसारखा हसला, तेच थांबल्याची लाज वाटणारं हसू. मुनशीनं खाली बघितलं. "ध्यान नहीं है," तो म्हणाला.

बाईंनी राजीनामा नोंदवून घेतला नाही. तो त्यांनी फाइलला लावला, त्यावर काहीतरी लिहिलं, माझा जबाब उतरवून माझी सही घेतली, देवेंद्रची तपासणी डॉक्टरांच्या मंडळाकडून होईल असं सांगितलं आणि पुढची तारीख दिली. एवढंच. निकाल लागला नाही, आणि देवेंद्रच्या छातीतली धूळ तर कुठल्याच निकालानं निघणार नाही. पण ती कुठून आली, हा प्रश्न आता सरकारी फायलीत उघडा राहिला होता आणि तो मिटवणारा कागद मिटला होता.

जिना उतरताना देवेंद्र तीनदा थांबला. खाली लिंबाच्या पारावर त्याला बसवून कल्याणीनं पाणी दिलं. मग माझ्याकडे बघून, सहा दिवसांत पहिल्यांदा, ती जरा हसली. "काय दीदी, अब कौनऊं बात पूछनी होय, तो पैलें शर्वरी बिटिया से पूछ लें?"

"पूछ लेना," मी म्हटलं. मलाही हसू आलं आणि डोळेही भरून आले.

तेवढ्यात फोन वाजला. ऋतुराज. त्याला कळलं होतं. कुणी कळवलं ते मी विचारलं नाही. "ताई, तुम्ही गेलातच," तो म्हणाला. आवाज अजूनही मऊ होता आणि खरंच वाईट वाटलेला होता. "वरून विचारणा झाली आहे. मी तुमच्यासाठी एवढंच मिळवलंय. एक तर आज संध्याकाळपर्यंत त्या नोंदी तंबाखूत टाका, म्हणजे मी हे प्रकरण मिटवतो. नाहीतर सन्मानानं राजीनामा द्या. मी अनुभवाचं चांगलं पत्र देईन."

"राजीनामा देणार नाही, ऋतुराज."

"बरं झालं. मग नोंदी बदलताय ना?"

"तोही देणार नाही."

"तोही म्हणजे? मला कळलं नाही, ताई."

"तुमच्या पुण्यात राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. आमच्या झाशीत राजीनामा म्हणजे गप्प बसायला राजी होणं. मी दोन्ही देणार नाही. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नोंदी जिथं आहेत तिथंच राहतील. मला काढायचं असेल तर तुम्ही काढा. फक्त कारणाच्या रकान्यात 'इतर' लिहू नका. दगडाची धूळ लिहा."